कॅप्टनची माणसं

शाकिर भर दुपारी घरी आला आणि बूट न काढताच सोफ्यावर बसला, तेव्हा त्याची बायको इनास दुसऱ्या सत्राच्या वह्यांना कव्हरं घालत होती. त्यांची सहा वर्षांची मुलगी लुजैन शेजारी बसून लेबलांवर आपलं नाव लिहीत होती. शाकिर सहायक प्रशिक्षक असलेला फुटबॉल संघ काल तीन गोलांनी हरला होता. त्यामुळे इनासने फार विचारलं नाही. मुख्य प्रशिक्षकांना सगळे कॅप्टनच म्हणत.

"कॅप्टनना काढलं?"

"सकाळी."

"आणि तुला?"

शाकिरने फोन तिच्यापुढे धरला. क्लबच्या पानावर त्याचा राजीनामा होता. ज्यांच्याबरोबर आलो त्यांच्याबरोबर जाणं यातच माझा मान आहे, असं त्याने लिहिलं होतं. खाली नऊशे लाल बदाम.

म्हणजे ह्याला कुणी काढलंच नव्हतं. इनासने कात्री खाली ठेवली. शाकिर तिला समजावू लागला. मुख्य प्रशिक्षक येतो तो आपली माणसं घेऊन, आणि जातो तो आपली माणसं घेऊन. मागे रेंगाळला त्याला उद्या कुणी दारात उभं करत नाही. हे सगळं तिला पाठ होतं. सुएझमध्ये तिने हेच ऐकलं होतं, फय्यूममध्येही. सुएझची शाळा सुटली तेव्हा लुजैन रडली होती. फय्यूमची सुटली तेव्हा रडलीही नाही, नुसती बोलायची थांबली. इथे, अगदी परवा परवा, जेवताना तिने आपणहून एका मैत्रिणीची गोष्ट सांगितली होती. शाकिरला हे माहीत होतं. नऊशे बदामांना माहीत नव्हतं.

दाराची घंटा वाजली. कॅप्टन बहजत स्वतः आले होते, हातात बसबूसाचा खोका. नोकरी गेलेला माणूस मिठाई घेऊन आलेला इनासने पहिल्यांदाच पाहिला. ते खुर्चीत ऐसपैस बसले, चहात तीन चमचे साखर घालायला सांगितली आणि शाकिरकडे बघून हसले.

"अभिनंदन, मुख्य प्रशिक्षक."

ते सकाळी तासभर क्लबच्या अध्यक्षांशी भांडत बसले होते. स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं. उरलेल्या अकरा सामन्यांसाठी संघ शाकिरच्या हाती द्या, एवढंच. पोरीची शाळा इथे आहे, तिला पुन्हा उठवू नका. अध्यक्ष शेवटी कबूल झाले होते. एक वाजता त्यांचा फोन यायचा होता.

इनासने शाकिरचा फोन त्यांच्या हातात दिला. कॅप्टननी चष्मा लावला. राजीनामा शेवटच्या ओळीपर्यंत वाचला.

"गाढवा," ते म्हणाले. "अकरा वर्षं माझ्याबरोबर आहेस. एकदा तरी आधी मला विचारायचंस."

"तुम्हीच शिकवलंत, कॅप्टन. सोबत यायचं, सोबत जायचं."

"कोपऱ्यावरून आलेल्या चेंडूला कसं अडवायचं तेही शिकवलं होतं. ते नाही लक्षात राहिलं."

इनासला वाटलं, दोघांची डोकी एकमेकांवर आपटावीत. एकाने दुसऱ्यासाठी नोकरी मागितली, दुसऱ्याने पहिल्यासाठी ती सोडली, आणि एक फोन करायला दोघांचीही बोटं झिजत होती.

पोस्ट काढून टाकतो, शाकिर पुटपुटला. कॅप्टननी नुसतं घड्याळाकडे बोट दाखवलं. एक वाजून गेला होता. दीडला अध्यक्षांचा फोन आला, तो शाकिरच्या निष्ठेचं कौतुक करण्यासाठी. नवा प्रशिक्षक ठरला होता. तो आपली तीन माणसं घेऊन येत होता.

बसबूसा तसाच पडून होता.

मग कॅप्टनचा फोन वाजला. मिन्या शहरातला एक क्लब होता. अशा बातम्या नाईलच्या पाण्यापेक्षा लवकर पोचतात. कॅप्टन एकदम ताठ झाले, आवाज भारदस्त केला आणि मी एकटा येत नसतो, माझ्या माणसांची नावं पाच मिनिटांत कळवतो, असं सांगून त्यांनी फोन ठेवला. खोक्याच्या झाकणावर ते लिहू लागले. बहजत. शाकिर. गोलकीपरांना शिकवणारा अव्वाद. व्यायाम घेणारा दुसूकी.

इनासने त्यांच्या हातातलं पेन काढून घेतलं आणि खाली पाचवं नाव लिहिलं.

कॅप्टननी झाकण लांब धरून वाचलं. "लुजैन. हिला कुठल्या कामावर घेऊ, पोरी?"

"शाळेत," इनास म्हणाली. "सत्र सुरू व्हायच्या आत क्लबने तिला शाळा मिळवून द्यायची. आणि शाकिरचा करार शाळेचं वर्ष संपेपर्यंतचा. मध्येच तुम्हाला काढलं, कॅप्टन, तर तुम्ही एकटे जायचं."

शाकिर कॅप्टनच्या चेहऱ्याकडे बघू लागला.

अकरा वर्षांत कॅप्टनना एकटं जायला कुणी सांगितलं नव्हतं. मग त्यांनी फोन लावला आणि पाचही नावं वाचून दाखवली. अटीही सांगितल्या, एकेक करून, न अडखळता. पलीकडचा माणूस काहीतरी म्हणाला. नाही, कॅप्टन म्हणाले, यातलं एकही कमी होणार नाही. अव्वादला हवं तर सोडतो, पाचव्या माणसाला नाही.

पलीकडून त्या पाचव्या माणसाचा अनुभव विचारला असावा. कॅप्टननी लुजैनकडे पाहिलं. ती खाली मान घालून लिहीत होती.

"तीन शाळा," ते म्हणाले. "दोन वर्षांत."