लुकलुकणारा बदाम

"ठोके कधीपासून चुकतायत?" डॉक्टरांनी विचारलं.

"झाले असतील पंधरा दिवस," कुंदाताई म्हणाल्या आणि त्यांनी शेजारी बसलेल्या नवऱ्याचा पाय हळूच दाबला.

जयवंतराव चुळबुळले. बायकोचा रक्तदाब मोजायचं खातं त्यांनी निवृत्तीनंतर स्वतःकडे घेतलं होतं. यंत्राच्या पडद्यावर अधूनमधून एक बदाम लुकलुकायचा. सोबतची माहितीपुस्तिका न उघडताच त्यांनी त्याचा अर्थ 'सेल संपले' असा लावला होता. मग ते कुंदाताईंनाच तीन जिने उतरून नवे सेल आणायला पाठवत. त्या धापा टाकत वर आल्या की पुन्हा मोजत. बदाम आणखी जोरात लुकलुके. "दुकानदार फसवतो तुला," असं म्हणून ते त्यांना परत खाली धाडत.

"दीड वर्ष झालं, डॉक्टर," ते एकदम म्हणाले आणि बदामाची सगळी हकीकत सांगून मोकळे झाले.

"तो बदाम म्हणजे ठोके चुकत असल्याची खूण," डॉक्टर म्हणाले. "सांगितलंत ते बरं केलंत. आता नुसती मांडीच्या शिरेतून हृदयात नळी घालून भागणार नाही. आधी छातीखाली बारीक छिद्रं पाडून हृदयाच्या ठोके बिघडवणाऱ्या जागांना बाहेरून डाग द्यायचे, मग नळीने आतून. लवकर आला असतात, तर कदाचित नुसत्या नळीवरच काम झालं असतं."

ऑपरेशनच्या सकाळी स्ट्रेचरबरोबर चालताना जयवंतरावांना मान वर करवेना. दारापाशी कुंदाताईंनी त्यांची बाही ओढली.

"अहो, रडताय काय? येते मी परत. मात्र यापुढे सेल तुम्ही आणायचे."