डाव्या खिडकीची जागा

केरू पोस्टमननं परदेशी पाकीट वत्सलाच्या हातात दिलं, पण तो फाटकातून हलला नाही.

"ताई, दादांना जाऊन पाच महिने झाले," तो म्हणाला. "त्या तिकडच्याला अजून कळवलं नाही होय?"

"कळवते."

"मागच्या खेपेलाही तुम्ही हेच म्हणाला होतात." त्यानं सायकलवर टांग टाकली आणि मागं न बघता गेला.

आत तिची आई सुलाबाई मेथी निवडत बसली होती. तिनं सगळं ऐकलं होतं. "लोक बोलायला लागले आता," ती म्हणाली. "मेलेल्या बापाच्या नावानं सह्या करतेस. आज ते पत्र लिहून टाक, वत्सला. माझ्यासमोर लिही."

वत्सला नेहमीच्या स्टुलावर जाऊन बसली. स्टूल वडिलांच्या रिकाम्या खुर्चीच्या डाव्या हाताला होतं. सावळीरामांचा उजवा कान लहानपणीच गोवरात गेला होता. त्यांच्याशी बोलायचं तर डावीकडं बसावं लागे. सहा वर्षं तिनं याच स्टुलावर बसून त्यांची इंग्रजी पत्रं लिहिली. ते मराठीत सांगत, ती लिही. मग ते कागद उजेडात धरून पाहत आणि नंतरच सही करत. नाशिकरोडच्या प्रेसमधली सवय. तिथं तीस वर्षं त्यांनी पासपोर्टचे कागद असेच तपासले, दोष दिसला की लाल पेन्सिलीनं खूण केली. स्वतःचा पासपोर्ट मात्र काढला नाही.

पत्रं जायची ग्वाटेमालाला, आन्सेल्मो नावाच्या एका गाइडकडं. नऊ दिवसांची सहल, माणसं दोन, बाप आणि लेक. मुक्काम कुठं, तळं होडीतून पार करायचं की काठानं जायचं, ज्वालामुखी कुठल्या वळणावर दिसतो, जेवायला भात मिळेल का. गाडीत सावळीरामांना उजवी खिडकी, म्हणजे डाव्या कानाशी वत्सला. जायचं कधी, असं कुणी विचारलं की ते म्हणत, "आधी ठरू तर दे. ठरवायला तिकीट लागत नाही." आणि सुलाबाई आतून म्हणायची, "माझ्या माहेरी सटाण्याला येताना यष्टीत उलट्या होतात, अन् निघालेत ज्वालामुखी बघायला!"

ते गेल्यावरही वत्सलानं दोन पत्रं पाठवली. एक आठव्या दिवसाबद्दल, एक नवव्या. खाली त्यांची सही. पत्र लिहीत असेपर्यंत ते शेजारी असत. त्यापुढचा विचार तिनं केला नव्हता.

आता तिनं कोरा कागद घेतला, पेनाचं टोपण काढलं. 'माझे वडील' एवढं इंग्रजीत लिहिलं आणि हात थांबला. आधी त्याचं पत्र तरी वाचू, असं म्हणून तिनं पाकीट फोडलं.

'१४ फेब्रुवारी १९७४. प्रिय मित्रा, नववा दिवस तुम्ही म्हणता तसा केला. आता सहल पुरी ठरली. तुमच्या पाकिटात वेगळी चिठ्ठी होती, तिच्यातले बदलही केले आहेत.'

वत्सलानं ती ओळ पुन्हा वाचली. तिनं चिठ्ठी घातली नव्हती.

ती उठली, फाईल काढली. प्रत्येक पत्राची कार्बन प्रत ठेवायची, हा वडिलांचा नेम तिनंही मोडला नव्हता. दोन्ही पत्रांच्या प्रती होत्या. एक पान, दुसरं पान. बाकी काही नाही. ती परत येऊन बसली.

'तुमच्या लाल पेन्सिलीतलं अक्षर लावायला जरा वेळ लागला. दुसरी जागा रद्द केली आहे. मुलगी येणार नाही हे वाचून वाईट वाटलं. पण तुम्ही लिहिता तसं, तिला तिथं अजून पुष्कळ काही करायचं आहे. तुम्हाला उजवी खिडकी सोडून आता डावी हवी, तीही दिली. कारण विचारत नाही.'

तिनं कागद उचलून उजेडात धरला. आरपार काही दिसलं नाही. टेबलावरच्या पेल्यात लाल पेन्सिल होती. तिच्याकडं तिनं पाहिलं नाही.

"काय लिखेल शे?" सुलाबाईनं विचारलं. फार घाबरली की तिच्या तोंडी माहेरची बोली येई.

वत्सलानं पत्र मराठीत वाचून दाखवलं. चिठ्ठीचं सांगितलं, रद्द झालेल्या जागेचं सांगितलं. डाव्या खिडकीपाशी आल्यावर तिचा आवाज खाली गेला. डाव्या खिडकीशी बसलं की बहिरा कान शेजारच्याकडं येतो, ऐकणारा खिडकीबाहेर.

सुलाबाईच्या हातातली मेथीची काडी तशीच राहिली. बाहेर चिंचेवर साळुंक्यांचा कालवा चालला होता. ती बराच वेळ खुर्चीकडं बघत होती, माणूस बोलायचा थांबेपर्यंत बघावं तसं.

मग ती उठली. पदराला हात पुसले. वत्सलाच्या बोटांतून पेन काढून घेतलं, त्याला टोपण लावलं.

"ऊठ तिथून, बाई," ती हळूच म्हणाली. "त्यांचा कान आता बाहेर लागलाय."