पळणाऱ्या माशाचा डोळा

संग्रहालयाच्या भिंतीवर पेंटरने कोट्यवधी वर्षांपूर्वीचा समुद्र रंगवला होता. जबडा वासलेला अजस्र सागरी सरडा, आणि त्याच्यापुढे जीव घेऊन पळणारा मासा. बघणारे माशाच्या डोळ्यापाशीच थबकत. "काय भीती उतरवलीय," म्हणत.

ती कुठून उतरवली, हे त्याचं त्यालाच ठाऊक होतं. नवऱ्याचा मार चुकवून धाकटी बहीण त्याच्याकडे आली, तेव्हा "होईल सगळं नीट" म्हणत त्याने तिला परतीच्या बसमध्ये बसवलं होतं. बस सुटताना खिडकीतून तिने असंच पाहिलं होतं.

उद्या ती चित्र बघायला येणार होती. कोणत्या तोंडाने तिच्याशेजारी उभं राहायचं? भरदुपारी शिडी लावून त्याने त्या डोळ्यावर समुद्राचा काळपट निळा रंग फासला.

खाली उतरतो न उतरतो तोच बहिणीचा फोन आला.

"दादा, तुझ्याकडेही अंधारलंय का रे? आत्ता खिडकीत कपडे वाळत घालत होते, आणि एकदम काहीच दिसेना."

हॉलमध्ये लख्ख ऊन होतं. फोन कानाशी धरूनच तो शिडी चढला आणि फडक्याने ओला रंग पुसू लागला. खाली डोळा नव्हता. नुसती भिंत होती.

"दादा, ऐकतोयस ना?"

"होईल सगळं नीट," त्याच्या तोंडून निघालं.