मदनसिंगचा सिरोपा

सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी मालेगावच्या गुरुद्वाऱ्यात मदनसिंगचे नाव पुकारले गेले. विहिरीत पडलेली सात माणसे त्याने आजवर जिवंत वर काढली होती. त्या सेवेबद्दल आज त्याच्या गळ्यात सिरोपा, म्हणजे मानाचे केशरी वस्त्र, घालायचे होते. तो जागेवर नव्हता. दहा वाजता जवळच्या खेड्यातून फोन आला होता: विहिरीचा गाळ काढायला उतरलेला मजूर खाली विषारी वायूने बेशुद्ध पडला आहे. मदनसिंग तसाच तिकडे धावला होता.

"सोताच्याच सत्काराले गायब!" मागून कोणीतरी म्हणाले. जमलेली संगत हसली.

गुरुद्वाऱ्यात पाठ करणाऱ्या ग्रंथींनी सिरोपा त्याच्या बायकोपुढे धरला. "रामीबाई, त्याच्या वतीनं तुमी घ्या."

रामीबाईने हात मागे घेतले. "मी काहून घेऊ? नवरा गेल्यावर घेते बाई असा. ते येऊन राह्यले. ठेवा तसाच."

ग्रंथींनी सिरोपा घडी घालून ताटात ठेवला.

साडेअकराला विहिरीवरून तिच्या दिराचा, बबलूचा फोन आला. "वहिनी, मजूर वर आला. जिता हाये. दोर पुरत नव्हता, तं भाऊनं डोक्यावरची पगडी सोडून दोराले जोडली अन् त्याले बांधून वर देल्लं."

"अन् हे?"

"भाऊ खालीच हाये. दोर पगडीसकट पुन्हा सोडला आमी."

बारा वाजता सिरोपा घडी घातलेला ताटातच होता. विहिरीत सोडलेली पगडी खालून अजून कोणी ओढली नव्हती.