दिवाळीले येजो

खुशालराव खाटेवर पडल्या पडल्या कापूस वेचत होते. चादरीवर कापूस कुठला! तरी बोटं झरझर चालत होती.

वच्छला उशाशी उभी राहून बघत होती. फवारताना वारा फिरला, औषध अंगावर आलं आणि खुशालराव शेताच्या बांधावर, धुऱ्यावरच कोसळले, एवढंच वहिनीनं फोनवर सांगितलं होतं. अकोल्यात जवळचं दुसरं कुणी नव्हतं, म्हणून तिला फोन. नाहीतर नवरा गेल्यावर तिनं बापाच्या वावरात हिस्सा मागितला, तेव्हापासून या भावानं तिचं नाव टाकलं होतं.

"विष उतरतंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण त्यावरच्या इंजेक्शननं कधी कधी असा भ्रम होतो. नसलेलं दिसतं. बोलतील ते मनावर घेऊ नका."

फवारणीच्या पेशंटांनी वॉर्ड भरला होता. त्या पुढच्या खाटेकडे वळल्या.

"माय, पानी," खुशालराव वच्छलाकडे बघत म्हणाले. तिनं ओला बोळा त्यांच्या कोरड्या ओठांवर फिरवला.

दुसऱ्या दिवशी वहिनी बसली होती. वच्छला संध्याकाळी डबा घेऊन आली, तशी वहिनी खाली चहाला गेली. खुशालरावांची बोटं पुन्हा चादरीवर फिरू लागली.

"वच्छे," ते छताकडे बघत म्हणाले, "तू दिवाळीले काऊन येत नाई? मले ओवाळाले कोनी नाई."

भ्रमातल्या माणसाला काय सांगायचं?

"तू बोलावतच नाई, दादा."

"यंदा येजो. अन् हिश्शाचं मनात ठेवू नोको. तुह्या हक्काचंच होतं ते."

"येईन," ती म्हणाली आणि पदरात तोंड लपवून रडली. खोटं का होईना, कानांनी ऐकलं तर होतं.

सकाळी डॉक्टरीणबाई आल्या. वच्छलानं हळूच विचारलं, "बाई, याचा भ्रम कदी उतरन? काल संध्याकाळीबी बरळत होता."

"काल?" बाई चकित झाल्या. "अहो, भ्रम दिसला तेव्हाच मी ते इंजेक्शन कमी केलं. काल सकाळपासून ते पूर्ण शुद्धीवर आहेत. नाव, गाव, वार, सगळं बरोबर सांगितलं मला."

वच्छला वळली. खुशालरावांनी तोंड भिंतीकडे केलं होतं.

"तू येईन म्हनली हायेस," ते भिंतीलाच म्हणाले. "आता फिरू नोको."