पांढऱ्याचा मान

"श्वास सोड बघू. पोट आत ओढून लपत असतं का कुठे?" असं म्हणत शिंपीणबाईंनी नातीच्या कमरेच्या टाचण्या काढल्या आणि झगा दोन बोटं सैल केला. नातीला चौथा महिना लागला होता. लग्न शनिवारी, चर्चमध्ये, वेदीपुढे, पांढऱ्या झग्यात. झाकपाक काही नव्हती. उलट सकाळीच चर्चचे तरुण पाळक येऊन हसत सांगून गेले होते की देव काही कमरेचं माप घेत बसत नाही आजी, ते तुमचं काम.

बाईंना हसू आलं नाही. चर्चच्या मंडळीतल्या झाडून साऱ्या नवरीमुलींचे झगे त्यांच्याच हातचे. आणि पूर्वी नियम म्हणजे नियम: दिवस गेलेल्या मुलीने पांढऱ्यात उभं राहायचं नाही, पाप ते पाप. बाईंनी तो पोटच्या पोरीलाही चुकवू दिला नव्हता. लग्नाचं माप घेताना टेपनेच चुगली केली, आणि कुणी विचारलं नसताना तेव्हाच्या पाळकांच्या कानावर घातलं ते बाईंनीच. मग पाळकांच्या खोलीत, दार लावून, निळ्या झग्यात लेकीचं लग्न उरकलं. ना घंटा, ना गाणं. आपण देवाची बाजू राखली, असं तेव्हा बाईंना वाटलं होतं.

जिच्यापायी हे सगळं झालं, ती तेव्हा पोटात असलेली नातच आज आरशापुढे गिरक्या घेत होती. लेक जमिनीवर बसून मुकाट्याने नवरीच्या डोक्यावरच्या जाळीची किनार टाचत होती.

नात झगा उतरवून फोनवर बोलायला बाहेर गेली, तशी बाईंनी मशीन थांबवली. किती दिवस मनात घोळत होतं, पण जीभ रेटत नव्हती. त्यांचं मन आता पुरतं फिरलं होतं. दोघं एकमेकांना जीव लावतात, लग्नाला उभी राहतात, त्यात देवाचा कसला अपमान? अपमान आपणच केला, तोही आपल्या पोरीचा.

"माझं चुकलं गं," त्या म्हणाल्या. "ते काही पाप नव्हतं."

लेकीने मान वर केली नाही. धागा तोडत ती सांगू लागली. लग्नानंतर ती कित्येक वर्षं मागच्याच बाकावर बसली. बायका माना वळवून बघायच्या, ते गिळलं. दर रविवारी देवाकडे क्षमा मागितली, आणि एका रविवारी वाटलं, मिळाली. त्या दिवशी घरी येऊन ती पोटभर जेवली होती.

"पाप नव्हतं म्हणू नकोस, आई. नव्हतं, तर मी इतकी वर्षं माफी कशाची मागत होते?"

लेकीचे हात थांबले होते. लहानपणी ताप चढला की बघायची, तशी ती आईकडे बघत होती.

"होतं ना?"

शिंपीणबाई जन्मात कधी खोटं बोलल्या नव्हत्या. शिंपीण असून, उद्या देते म्हटलं की उद्याच द्यायच्या. त्या उठल्या, गुडघे धरत लेकीजवळ खाली बसल्या आणि तिचं तोंड त्यांनी दोन्ही हातांत घेतलं.

"होतं," त्या म्हणाल्या. "पापच होतं गं बाळा."