एकच नळ

सोलापुरातल्या नव्या हायस्कुलाच्या नकाशात दोन नळ होते. एक सवर्ण पोरांचा, दुसरा अस्पृश्य पोरांचा. बांधकाम कमिटीचे खजिनदार महिपतराव भडकले, "दुसरा नळ कशाला? घरनं पाणी आणतील की ती पोरं!" खर्च वाचतोय म्हणून कमिटीनं माना डोलावल्या. पण तपासणीला आलेल्या साहेबानं बजावलं, नळ एकच असेल तर तो सगळ्यांना मोकळा, नाहीतर सरकारी ग्रँट बंद.

शाळा उघडली त्या दिवशी गिरणीतल्या सटवाजीनं भर अंगणात महिपतरावांच्या पायावर डोकं ठेवलं. "मालक, तुमी हटून बसला म्हणून माझं लेकरू आज समद्यांच्या नळावर पाणी प्यालं."

टाळ्या वाजल्या. खरं काय ते सांगायला महिपतरावांची जीभ रेटेना. त्यांनी सटवाजीला खांद्याला धरून उठवलं. "लेकरं समदी सारखीच की रं," असं म्हणाले खरे, पण त्याच्या डोळ्यांकडं काय त्यांना बघवलं नाही.

 

घरी आल्यावर ते पुढच्या दारानं आत न जाता मागं परसात गेले आणि बायकोला हळूच म्हणाले, "आंघोळीला पाणी काढ, अन् कशाला म्हणून पोरांम्होरं इचारू नगंस."